झेब्राला वाली कोण?

सिग्नल लावताना फोटो निघतात, झेब्रा रंगवताना बातमी येते. पुढे काय होतं? उल्हासनगर कॅम्प ५ मधून फिरताना पडलेले काही साधे प्रश्न...

एक छोटीशी टेस्ट देणार? मोबाइल बिघडला तर कुठे जायचं, तुम्हाला माहीत आहे. नेट गेलं तर कुणाच्या नावाने खडे फोडायचे, तेही पाठ आहे. ऑफिसचा एसी गार हवा फेकेनासा झाला की अॅडमिनला एक मेल टाकला की काम होतं. आता सांगा, तुमच्या घराजवळच्या चौकातला पादचाऱ्यांचा हिरवा दिवा उद्या बंद पडला, तर तुम्ही फोन कुणाला कराल?

काय, गप्प झालात ना?

टेन्शन घेऊ नका. मी हाच प्रश्न माझ्या ग्रुपमधल्या आठ-दहा जणांना विचारला. सगळे नोकरदार, सगळे रोज लोकल पकडणारे. उत्तरं आली ती अशी... ‘ट्रॅफिक पोलिसाला’, ‘महापालिकेला’, ‘नगरसेवकाला’, ‘महावितरणला’ आणि सगळ्यात प्रामाणिक उत्तर म्हणजे ‘कुणालाच नाही, पळत क्रॉस करीन!’ गंमत म्हणजे यातलं एकही उत्तर पूर्ण चुकीचं नाही आणि एकही पूर्ण बरोबर नाही. आपल्या चौकांची खरी गोची नेमकी तिथेच आहे.

छावणीचं शहर

मी राहते बदलापूरला, पण माझं अर्धं बालपण गेलं उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये, मावशीकडे. पिनकोड ४२१००५. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात इतिहास. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं या छावणीच्या बराकींत राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे कोनशिला बसली आणि ‘कल्याण कॅम्प’चं उल्हासनगर झालं. पण ‘कॅम्प’ हा शब्द काही गेला नाही. आजही पत्ता सांगताना कॅम्प एक ते पाच असाच सांगतात.

म्हणजे या शहराचा पाया घातला गेला तो लष्करी सोयीने. तेव्हा कुणी कल्पना तरी केली असेल का, की १३ चौरस किलोमीटरच्या या गावात २०११ च्या जनगणनेत ५ लाख ६ हजार ९८ माणसं मोजली जातील? भागाकार करून बघा, एका चौरस किलोमीटरला जवळपास ३९ हजार! आणि ही माणसं काय घरात बसून राहतात? कैलास कॉलनीत जा नाही तर नेताजी चौकाकडे या. कापडाचे गठ्ठे घेऊन जाणारे हातगाडीवाले, आश्रमात निघालेल्या आज्ज्या, क्लासची पोरं, शेअर रिक्षा शोधणारे तुमच्या-माझ्यासारखे ऑफिसवाले. सगळे चालत. चालणाऱ्यांचं गाव आहे हो हे! इथे रस्ता ओलांडणं ही दिवसातून दहा वेळा करायची गोष्ट आहे.

एक खांब, सहा टेबलं

आता आपल्या टेस्टकडे परत येऊ. एका सिग्नलच्या खांबाखाली उभं राहा आणि मोजा, हा खांब नक्की कुणाकुणाचा?

लाल किती सेकंद, हिरवा किती सेकंद, हे ठरवण्यात वाहतूक पोलिसांचा शब्द महत्त्वाचा. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. एखादा रस्ता वन-वे करायचा, वाहतूक वळवायची, तर त्याची अधिसूचना ठाण्याच्या वाहतूक शाखेचे उपायुक्त काढतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ आणि ११६ मध्ये हे अधिकार आहेत.

पण दिवा, वायर आणि कोपऱ्यातली ती करड्या रंगाची पेटी, म्हणजे कंट्रोलर, पोलिसांच्या खिशातून येत नाही. ते काम साधारणपणे स्थानिक संस्थेच्या विद्युत विभागाचं. मुंबईतही हीच वाटणी आहे. सिग्नल बसवायचे आणि सांभाळायचे महापालिकेने, टायमिंग बघायचं वाहतूक पोलिसांनी. उल्हासनगरला १९९६ पासून महापालिका आहे, अंबरनाथ आणि बदलापूरला नगरपरिषदा. त्यांचा विद्युत विभाग हे काम ठेकेदाराला देतो. तुमच्या ऑफिसच्या एसीची एएमसी असते ना, अगदी तसाच वार्षिक देखभाल करार.

पुढे ऐका. खाली रस्त्यावरचे पांढरे पट्टे? ते बांधकाम विभागाकडे. सिग्नलसमोर झाडाची फांदी आली? उद्यान विभाग. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बरोबर हिरव्या दिव्यावर बांधला? प्रभाग कार्यालय. पेटीला करंट येत नाही? महावितरण. झाली सहा टेबलं! शिवाय रस्ताच महापालिकेचा नसेल, पीडब्ल्यूडीचा, एमएमआरडीएचा किंवा अंबरनाथसारख्या ठिकाणी एमआयडीसीचा असेल, तर सातवं टेबल वाढतं.

यातल्या कुणावर माझा राग नाही. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपापलं काम करत असेलही. पण फांदीमुळे दिवा दिसत नसेल तर विद्युत विभागाच्या वहीत ‘दिवा चालू’ अशीच नोंद होणार, आणि ती नोंद खोटी नसणार! फक्त रस्ता ओलांडणाऱ्याला तो दिवा दिसत नाही, एवढंच.

तसं बघायला गेलं तर हे दुखणं सिग्नलइतकंच जुनं आहे. जगातला पहिला वाहतूक सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटबाहेर लागला. जॉन पीक नाइट नावाच्या रेल्वे इंजिनिअरची आयडिया. रात्री गॅसचे दिवे लागायचे आणि पोलीस हाताने दांडा फिरवायचा. जानेवारी १८६९ मध्ये गॅसगळती होऊन स्फोट झाला आणि तो चालवणारा पोलीस जखमी झाला. प्रयोग बंद. म्हणजे आयडियाची वाट लागली ती वाहनांमुळे नाही, गळक्या नळीमुळे!

अडीच मिलिमीटरचं आयुष्य

सिग्नल तरी उभा दिसतो. झेब्रा बिचारा पायाखालचा. ३१ ऑक्टोबर १९५१ ला इंग्लंडमधल्या स्लाऊ गावात पहिली झेब्रा क्रॉसिंग रंगवली गेली. कल्पना साधी होती, लांबून येणाऱ्या ड्रायव्हरला काळं-पांढरं झटकन दिसावं. म्हणजे झेब्राची सगळी ताकद त्याच्या पांढऱ्या रंगात. पांढरा गेला की उरतं फक्त डांबर.

चांगला पट्टा साध्या रंगाचा नसतो. तो थर्मोप्लास्टिकचा असतो. साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत तापवून पातळ केलेलं हे मिश्रण रस्त्यावर ओततात, जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास, आणि ते ओलं असतानाच वर काचेचे बारीक मणी भुरभुरतात. रात्री हेडलाइट पडला की हेच मणी चमकतात. ब्रशने मारलेला साधा रंग दिवसा छान दिसतो, फोटोतही छान येतो. रात्री आणि पावसात मात्र त्याचा पत्ता नसतो.

बरं, चांगला पट्टाही मरतो. टायर घासतात, पावसाळा येतो, धूळ बसते. पण पट्ट्याचा खरा शत्रू वेगळाच आहे. खोदकाम! पाण्याची लाइन, गॅसची लाइन, केबल. रस्ता खणतात, चर भरतात, वर खडी-डांबर टाकून मोकळे होतात. चर बुजला, काम संपलं. आता त्या चरावर आधी सहा पांढरे पट्टे होते, हे कुणाच्या लक्षात असतं? आपल्याकडच्या एका उपनगरात (नाव नको, तुमच्याही डोळ्यांसमोर एखादं आलंच असेल) मी असा झेब्रा पाहिला आहे, ज्याचा डावा अर्धा भाग आहे आणि उजवा नाही. मधोमध चर. म्हणजे अर्ध्या रस्त्यापर्यंत तुम्ही पादचारी, पुढे तुमचं नशीब!

डांबराचा नवा थर टाकला तरी तेच होतं. रस्ता गुळगुळीत होतो, सगळे खूश. झेब्रा मात्र त्या थराखाली गाडला जातो आणि पट्टे मारायचं काम वेगळ्या निविदेत असेल तर ती निघेपर्यंत ‘चला, रस्ता तर झाला!’

झेब्रासोबत आणखी एक बारीक रेघ जाते. स्टॉप लाइन. झेब्राच्या अलीकडे असते ती. ती दिसत नसेल तर बाइकवाला कुठे थांबणार? झेब्रावरच. आणि मग आपण दोन बाइकच्या चाकांमधून अंग चोरून वाट काढणार. दरवेळी बाइकवाला मुजोर असतो असं नाही, काही वेळा त्याला थांबायची जागाच दिसत नाही.

मावशीचे वीस सेकंद

आता माझ्या मावशीबद्दल. वय ६८. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, यावर घरात तीन वर्षं चर्चासत्र चालू आहे. तिची आवडती भाजीवाली रस्त्याच्या पलीकडे बसते. अंतर? खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल एवढं. गेल्या वर्षभरात मावशीने एक नवीन पद्धत शोधून काढली आहे. ती रिक्षा करते. भाजी आणायला नाही, रस्ता ओलांडायला! रिक्षावाला पुढून वळसा घेतो आणि तिला समोरच्या फुटपाथला सोडतो. येताना पुन्हा तसंच. कोथिंबिरीची जुडी स्वस्त, तिचा प्रवासखर्च महाग. आम्ही सगळे आधी हसलो. मग मला हसू येईना. कारण पावसाळ्यात रिक्षा मिळत नाही म्हणून तिने पलीकडे जाणंच सोडलं. भाजी आता घरी येते, अॅपवरून. भाजीवालीशी होणाऱ्या अर्ध्या तासाच्या गप्पा मात्र कुठल्या अॅपवर मिळत नाहीत.

मी म्हटलं, बघू तरी हिचा वेग किती आहे. आपल्याकडे रस्त्यांचे मापदंड इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. सिग्नलचं गणित मांडताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. म्हणजे १५ मीटरचा रस्ता ओलांडायला साडेबारा सेकंद. गच्चीवर खडूने १५ मीटर आखले, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. मावशीला लागले वीस. ‘मी काय ऑलिंपिकला चाललेय का गं?’ असं म्हणून तिने मधे थांबून पदर सारखा केला, ते सेकंद मी कापून टाकले, तरीही वीस.

फरक साडेसात सेकंदांचा. सिग्नल साडेबाराच्या हिशेबाने बदलला तर मावशी तेव्हा रस्त्यात नक्की कुठे असेल? मी मोजलं. दहाव्या मीटरच्याही अलीकडे. म्हणजे एक तृतीयांश रस्ता बाकी आणि समोरचे सगळे हॉर्न सुरू! टायमिंग ही एकदा सेट करून विसरायची गोष्ट नाही, ती का, ते मला त्या गच्चीवर कळलं. समोर हॉस्पिटल उघडलं, शाळा सुरू झाली, आश्रमाचा उत्सव आला की चालणारी माणसं बदलतात. मग सेकंद बदलायला नकोत? दिवा जळतोय की नाही एवढंच बघणं म्हणजे देखभाल नाही. तो किती वेळ जळतोय, हेही बघावं लागतं.

हा फक्त आज्ज्यांचा विषय आहे असं समजू नका. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातले ३२ हजार ८२५ पादचारी होते. दिवसाला जवळपास ९० माणसं. कुणी गाडी चालवत नव्हतं, कुणी ओव्हरटेक करत नव्हतं. रस्त्यावर होते, ते पायी.

‘आम्हाला माहीतच नव्हतं!’

कायदा काय म्हणतो? इथे एक इंटरेस्टिंग गोष्ट आहे, जी मला आधी कुणीच सांगितली नव्हती. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. हेल्मेटचा दंड, लायसन्सचा दंड, त्यावर आपण भरपूर चर्चा केली, मीम्सही केले. पण त्याच दुरुस्तीत कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदारालाही एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

रक्कम फार मोठी नाही, मान्य. पण कोर्टाने काय बघायचं याची जी यादी कलमात आहे, त्यातला एक मुद्दा वाचून मी पेन खाली ठेवलं. रस्त्याची ती जागा धोकादायक आहे हे यंत्रणेला माहीत होतं का, किंवा माहीत असणं अपेक्षित होतं का, हे कोर्टाने बघायचं आहे.

आता कळलं? आपण चौकात उभं राहून जे ‘काय हे, कुणाचं लक्षच नाही’ म्हणतो, ते हवेत विरून जातं. तेच दोन ओळींत लिहून दिलं आणि त्यावर आवक क्रमांक पडला की मग ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं म्हणता येत नाही. झेब्राला वाली मिळतो तो त्या कागदामुळे.

कोर्टंही आता चालणाऱ्यांकडे बघायला लागली आहेत. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ७ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात देशातल्या ५० शहरांमध्ये फुटपाथ आणि पादचारी क्रॉसिंगची तपासणी करायला सांगितलं.

आणि आपल्या गावापुरती एक बातमी. एप्रिल २०२२ पासून उल्हासनगर महापालिकेत प्रशासक होते, नगरसेवकच नव्हते. १५ जानेवारी २०२६ ला निवडणूक झाली. ७८ नगरसेवकांचं सभागृह आहे आणि बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. म्हणजे विचारायला माणसं आहेत, बॉस!

मग करायचं काय?

मोर्चा काढायची गरज नाही. ऑफिसमध्ये जे रोज करता तेच करायचं. फॉलो-अप!

*एका मेलमध्ये एकच चौक.* ‘शहरातले सगळे सिग्नल बंद आहेत’ असं लिहिलं की ते कुणाचंच काम नसतं. चौकाचं नाव, कोणत्या बाजूचा खांब, तारीख, वेळ, फोटो. दिव्याची तक्रार विद्युत विभागाला, पट्ट्यांची बांधकाम विभागाला, टायमिंगची वाहतूक शाखेला, आणि प्रत्येकाला बाकीच्या दोघांची प्रत. सीसीची खरी पॉवर तुम्हाला मी काय सांगणार?

*नंबर जपून ठेवा.* हाताने अर्ज दिलात तर पोच घ्या. ‘आपले सरकार’ पोर्टलवर दिलात तर टोकन मिळतं.

*माहिती अधिकार वापरा.* २००५ चा कायदा, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. ‘सिग्नल का बंद आहे?’ असं विचारू नका, त्यावर गोल-गोल उत्तर येतं. विचारा, या चौकातल्या सिग्नलचा देखभाल करार कुणाकडे आहे? किती तारखेपर्यंत? बिघाड झाल्यावर किती तासांत दुरुस्त करायची अट आहे? उशीर झाला तर दंड किती आणि आजवर किती वसूल केला? झेब्रा शेवटचा कधी रंगवला? रस्ता खोदायची परवानगी देताना पट्टे पूर्ववत करायची अट घातली होती का?

*आकडा द्या.* हा माझा सगळ्यात आवडता फंडा. कुठे सिग्नल किंवा नियंत्रित क्रॉसिंग हवी, हे ठरवायला इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत एक सूत्र आहे. गर्दीच्या तासाला रस्ता ओलांडणारी माणसं गुणिले गाड्यांच्या संख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर दहा कोटींच्या वर गेलं, दुभाजक असेल तर वीस कोटींच्या वर गेलं, की त्या जागेचा विचार व्हायला हवा. घाबरू नका, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. समजा, पंधरा मिनिटांत ७५ माणसं आणि १८० गाड्या मोजल्या. तासाला ३०० माणसं, ७२० गाड्या. ७२० गुणिले ७२० गुणिले ३००... साडेपंधरा कोटी. दुभाजक नसेल तर तुमचा चौक पास! अधिकृत मोजणीला यापेक्षा जास्त तास लागतात, पण ‘अधिकृत मोजणी करा’ असं सांगायला तुमचे पंधरा मिनिटांचे आकडे पुरेसे आहेत. ‘खूप ट्रॅफिक असतं हो’ आणि ‘साडेपंधरा कोटी येतंय’ यातला फरक तुमच्या बॉसला विचारा.

मी आणि मावशीने हे करायचं ठरवलंय. ती खिडकीत बसून माणसं मोजणार, मी गाड्या. तिने आत्ताच जाहीर केलंय की हातगाड्याही मोजायच्या आणि यावर तडजोड नाही. अर्ज मराठीत मी लिहिणार, सही तिची. रस्ता तिला ओलांडायचाय ना!

तुमचा चौक कोणता? संध्याकाळी विठ्ठलवाडीला, अंबरनाथला नाही तर बदलापूरला उतरलात की एक दिवस पंधरा मिनिटं उशिरा घरी जा. मोजा, लिहा, पोच घ्या. आणि आकडा किती आला, ते आम्हालाही कळवा.